घोळणा फुटला की मान मागे? अजिबात नको

घरच्या ग्रुपवर उन्हाळा लागल्यापासून तिसऱ्यांदा तोच मेसेज आलाय: ‘घोळणा फुटला? मुलाला उताणं झोपवा, मान मागे टाका, डोक्यावर गार पाणी ओता, कांदा हुंगवा. रक्त लगेच थांबवू नका, अंगातली गरमी बाहेर पडते. मोठ्यांनी रक्त पातळ करायची गोळी बंद करावी.’ खाली जोडलेले हात आणि ‘दहा जणांना पाठवा’. मी सोडून दिलं असतं, पण परवा भर दुपारी ताईने हा प्रयोग आठ वर्षांच्या भाच्यावर केला.

पोरगं फरशीवर उताणं, नाकावर ओला नॅपकिन. थोड्या वेळाने उठून भडाभडा ओकलं, काळपट लाल. ताईचे हातपाय गळाले, “पोटातून रक्त येतंय!” अगं, पोटातलं नाही, नाकातलंच. घशातून खाली उतरलेलं. मान मागे टाकल्याने रक्त थांबत नाही, फक्त आपल्याला दिसायचं थांबतं. गिळलेल्या रक्ताने मळमळतं, श्वासनलिकेत गेलं तर ठसका लागतो, आणि किती गेलं याचा पत्ताच लागत नाही.

करायचं नेमकं उलट. बसवा, मान किंचित पुढे, श्वास तोंडाने. नाकाचा खालचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा. वरचं हाड दाबून काही होत नाही, तरी निम्मे लोक तेच दाबतात. घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटं, मध्ये सोडून “थांबलं का” बघायचं नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिला उपाय हाच आहे: नाकाच्या खालच्या भागावर पाच मिनिटं किंवा जास्त, न सोडता घट्ट दाब. कारण सरळ आहे. बहुतेक वेळा रक्त येतं ते नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्यातून, आणि ते जाळं बरोबर या चिमटीत सापडतं.

गरमीचं अर्धं खरं आहे, मान्य. सोलापूरच्या उन्हाळ्यात हवा कोरडी ठणठणीत, नाक आतून सुकतं, खपली धरते. मग पोरं बोट घालतात. (आमच्या भाचेसाहेबांचं बोट दिवसभर तिथेच असतं.) पण बाहेर पडतं ते रक्त, गरमी नव्हे. गार पाण्याने बरं वाटत असेल तर वाटू दे, चिमटी सोडू नका. कांदा कडक भाकरीसोबत खा.

गोळीचा सल्ला मात्र चीड आणणारा आहे. माझ्या वडिलांना स्टेंट आहे, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी. त्यांनी ती गोळी मनाने बंद केली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. त्याच अमेरिकी सूचनांत म्हटलंय की रक्तस्राव जिवावर बेतणारा नसेल तर आधी नेहमीचे उपाय करा, औषध थांबवायचं नंतर बघा. तेही डॉक्टर बघतील, ग्रुप नाही.

पंधरा मिनिटं दाबूनही थांबलं नाही, डोक्याला मार लागलाय, चक्कर येतेय, किंवा अशी गोळी चालू असून रक्त थांबत नाही, तर थेट दवाखाना. तापासोबत नाकातून रक्त आलं तर डेंग्यूची शंका घेऊन प्लेटलेट तपासून घ्याव्या लागतात. वारंवार फुटत असेल तर कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बिणीने आत बघतात, फुटणारी जागा सिल्व्हर नायट्रेट या रसायनाने जाळतात. फारच वाहत असेल तर नाकात पॅक (आतून दाब देणारा बोळा) भरतात.

भाच्याचं रक्त अकरा मिनिटांच्या चिमटीत थांबलं. आता नाकात रात्री बोटाने थोडं व्हॅसलीन लावतो आणि नखं कापून ठेवलीत.