आधी कॅन्यन, मग जेवण

निसर्गसौंदर्य भरल्या पोटी पाहावं, असं माझं स्पष्ट मत आहे. जोहान्सबर्गला राहणाऱ्या मेहुण्याचं नेमकं उलट. "भाऊजी, आधी ब्लाइड नदीचं कॅन्यन, मग रानातलं अस्सल जेवण!" भल्या पहाटे त्याने आम्हाला गाडीत कोंबलं.

गॉड्स विंडो या कड्यावरच्या पॉइंटला दाट धुकं. मेहुण्याचं बोट तेवढं दिसलं. ते क्रूगर पार्ककडे रोखलेलं होतं म्हणे. पुढे बर्क्स लक पॉटहोल्स. इथे ट्रूर नदी ब्लाइडला मिळते आणि भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी खडकात खोल रांजण कोरलेत. इथे सोनं आहे असं छातीठोकपणे सांगणाऱ्या बर्कला स्वतःला काहीच गवसलं नाही, जागेला नाव मात्र लागलं. उपाशीपोटी मला त्याच्याबद्दल फार जवळीक वाटली. थ्री रोंडावेल्स हे गोल झोपड्यांसारखे तीन डोंगर म्हणून जगप्रसिद्ध. मला झाकण लावलेले तीन डबे दिसले.

अखेर ते हॉटेल आलं. वर गवती छप्पर, भिंती नाहीत, बसायला ओंडके. धूर मी जिथे बसेन तिथे यायचा. निखाऱ्यांवर तीन पायांचं बिडाचं भांडं: पॉइकी. तळाला मटण, वर बटाटे, गाजरं, असे थर रचायचे, मंद आचेवर तासन्‌तास ठेवायचं आणि अजिबात ढवळायचं नाही.

हे शेवटचं आमच्या सौभाग्यवतींना सोसेना. स्वतः शाकाहारी, पण "खालून लागत असेल हो," म्हणत तिने डाव उचलला. स्वयंपाकीणबाईंनी हसतहसत तो काढून घेतला. मग आकड्याने झाकण उचललं. कडेचे थेंब निखाऱ्यांवर चुर्र करून पडले आणि माझ्या पोटातून आलेला आवाज पलीकडच्या ओंडक्यावरच्या जर्मन पाहुण्यांनीही ऐकला. "अजून वेळ आहे," बाई म्हणाल्या. झाकण पुन्हा बसलं.

मी शेवटी तीनदा वाढून घेतलं. हिच्या ताटात मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि चाकालाका, म्हणजे कांदा, टोमॅटो, गाजर नि बीन्सची झणझणीत भाजी. ती हिने मुकाट्याने संपवली, म्हणजे आवडली. तेवढ्यात उकडीच्या भांड्याच्या तळाशी तिला करपट खरवड दिसली. बाईंनी चमचा पुढे केला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण खरडण्याची पद्धत एकच होती.

मेहुणा "ताई, सूर्यास्त चुकेल!" म्हणून हॉर्न वाजवत होता. एकीनेही मान वर केली नाही.