माचू पिचूला जावे, पण कोणत्या क्रमाने?

रत्नागिरीच्या मांडवीच्या कट्ट्यावर परवा पेरू देशाच्या सहलीचे पत्रक फिरले आणि ज्येष्ठांनी तिथल्या माचू पिचूला, म्हणजे इंका लोकांच्या डोंगरावरच्या जुन्या नगरीला, जावे की नाही यावरून जुंपली. पहिला मुद्दा अर्थातच गुडघ्यांचा निघाला. "रायगडावर आपण रोपवेने जातो आणि तुम्हांला इंकांच्या पायऱ्या चढायच्या आहेत?" असे नानांनी विचारले. माचू पिचूपर्यंतची चार दिवसांची पायवाट कोणीच सुचवलेली नाही, असे गुरुजींचे उत्तर होते. ओयांताइतांबो या गावाहून रेल्वेने डोंगराच्या पायथ्याशी आणि तिथून वळणावळणाच्या रस्त्याने बसने थेट प्रवेशद्वाराशी पोहोचता येते. आतल्या पायऱ्या उंचसखल आहेत हे खरे, मात्र रबरी टोकाची काठी वृद्धांना नेता येते.

"गुडघे राहू द्या, श्वासाचे बोला," डॉक्टर म्हणाले, आणि माझ्या मते खरा वाद तिथूनच सुरू झाला. माचू पिचू सुमारे २,४३० मीटरवर आहे. पण पत्रकानुसार मंडळी लिमाहून, म्हणजे समुद्रकाठावरून, विमानाने ज्या कुस्कोत उतरणार आणि त्याच दुपारी शहर पाहायला निघणार, ते सुमारे ३,४०० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब आपल्या मांडवीच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो. नानांना हा म्हाताऱ्यांनी जाऊ नये याचा पुरावा वाटला. डॉक्टरांनी तो मान्य केला नाही. हृदयाचे वा फुप्फुसाचे दुखणे असलेल्यांची गोष्ट निराळी, परंतु एरवी विरळ हवेचा त्रास वयापेक्षा किती झपाट्याने वर गेलो यावर अधिक अवलंबून असतो आणि तिशीतला पैलवानही त्याने आडवा होतो. म्हणून विमानतळावरून थेट खाली उरुबांबाच्या खोऱ्यात, सुमारे २,८०० मीटरवर, दोन रात्री काढाव्यात, मग माचू पिचू पाहावे आणि कुस्को शेवटी ठेवावे. पत्रक छापणाऱ्याने नकाशा पाहिला असेल, उंची पाहिलेली दिसत नाही.

गटाने जाण्यात तिकिटांची दगदग वाचते, हे ताईंना पटत होते. प्रवेशाची वेळ ठरलेली असते आणि फिरायचा मार्गही एकेरी असतो. त्यांची हरकत गटाच्या आकाराला होती. मोठ्या गटात पुढचे लोक थांबून दम घेतात, सर्वांत मागचा माणूस धापा टाकत येऊन पोहोचतो आणि नेमका तेव्हाच मार्गदर्शक "चला" म्हणतो. म्हणजे ज्याला विसाव्याची गरज सर्वाधिक, त्यालाच तो मिळत नाही. शिवाय स्वच्छतागृह प्रवेशद्वाराबाहेरच आहे. हा मुद्दा पत्रकात कुठेच नव्हता, आणि साठीनंतर तो किरकोळ नसतो.

पीतज्वराच्या (यलो फिव्हरच्या) लशीचा विषय डॉक्टरांनीच काढला. पेरूहून परतताना तिचा दाखला नसल्यास भारतात विलगीकरणात ठेवले जाऊ शकते, आणि लस घेतल्यावर दहा दिवसांनीच तो दाखला ग्राह्य ठरतो. साठीपुढे ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणाम विरळ असले तरी तरुणांपेक्षा अधिक आढळतात. त्यामुळे आगाऊ रक्कम भरण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोलणे भाग आहे.

गुरुजी सहल कंपनीला फोन लावायला निघाले, तेव्हा नानांनी त्यांना थांबवले. "कुस्को शेवटी ठेवायला आणि गट लहान करायला तयार असतील, तरच माझे नाव सांगा," ते म्हणाले, "आणि पैशांचे उद्या बोलू."