चालू झाली म्हणजे दुरुस्त झाली असं नाही!

गोव्यातून कर्नाटकात चढणाऱ्या अनमोड घाटात, 25 टनी गाडी भरलेली असताना इंजिन बंद पडलं तर काय होतं, ते गॅरेजच्या स्टुलावर बसून कळत नाही. स्टिअरिंग दगडासारखं होतं. कॉम्प्रेसर थांबतो, म्हणजे ब्रेकची हवा नव्याने भरत नाही. मागे वळणावर बस उभी असते आणि पाऊस कोसळत असतो. मग पंधरा-वीस मिनिटांनी तीच गाडी एका सेल्फमध्ये सुरू होते. परत वळवून फोंड्याला गॅरेजात आणली की उत्तर ठरलेलं: "चालते की! काही नाही हिला, घेऊन जा."

संताप येतो तो याच उत्तराचा. बंद पडून आपोआप सुरू होणारी गाडी बरी झालेली नसते, तिचा दोष तेवढ्यापुरता लपलेला असतो. आणि दोष लपलेला असताना अंदाजाने पार्ट बदलत सुटायचं, ही कुठली पद्धत? आधी डिझेल फिल्टर. नाही गेलं? टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप. तरीही नाही? इंजिनात डिझेल फवारणारे नोजल काढून कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजून जुळवायला. प्रत्येक वेळी दोन दिवस गाडी उभी आणि बिल मालकाच्या माथी. एक साधा प्रश्न कोणी ड्रायव्हरला विचारत नाही: बंद पडली ती कशी पडली?

अर्धं निदान त्याच उत्तरात असतं. ताकद हळूहळू गेली, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना, इंजिन वरखाली करत विझलं, तर डिझेल पोचत नाही. चावी फिरवल्यासारखं फटकन बंद पडलं, तर बहुतेक करंट तुटला किंवा सेन्सर गेला. गिअरमध्ये गाडी पुढे ढकलली जात असताना इंजिन फिरतंय, पण आरपीएमचा काटा शून्यावर आपटतो, तेव्हा आधी इंजिनचे फेरे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरकडे बघा. तो तापला की आतली कॉइल तुटते, थंड झाला की परत जुळते. म्हणून वीस मिनिटं! दोन वायरचा सेन्सर असेल तर थंड असताना ओहममध्ये मोजा, मग हेअर ड्रायरने तापवून परत मोजा. मीटर अनंत दाखवायला लागला की विषय संपला. तीन वायरचा असेल तर ओहम मोजून काही कळत नाही, तिथे सप्लाय आणि सिग्नल बघावा लागतो. पण इथे थंड सेन्सर मोजायचा, "ओके आहे" म्हणायचं आणि पुढचा पार्ट मागवायचा!

त्याहून वाईट म्हणजे स्कॅनर लावायच्या आधीच बॅटरीची वायर काढणं. काही गाड्यांत त्याने साठलेले फॉल्ट कोड आणि त्या क्षणाचे आकडे पुसले जातात. पुरावा स्वतःच्या हाताने पुसायचा आणि मग म्हणायचं, काही सापडत नाही. बीएस सिक्स, म्हणजे नव्या प्रदूषण-नियमांची गाडी असली तर सरळ धूर साफ करणाऱ्या युरियाच्या नावाने खडे फोडायचे. अहो, युरियाचा दोष गाडीची ताकद कापतो, वेग कापतो. चालतं इंजिन घाटात फटकन बंद पाडणं हे त्याचं काम नव्हे.

आणि अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी चासीची जोडणी! समुद्राच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात चासीवरच्या अर्थच्या बोल्टखाली हिरवट-पांढरा खार धरतो. वरून बघितलं तर बोल्ट घट्ट दिसतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिन ब्लॉकला लावा आणि सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्ट खोला, धातू चमकेपर्यंत घासा. मग इंजिन चालू ठेवून ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कपलर, त्याला करंट देणारा मेन रिले, चासीला घासणारं वायरिंग एकेक करून हलवा आणि इंजिन कशाने विझतं ते बघा. सगळं मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, पार्टचा खर्च शून्य. म्हणूनच करत नाहीत का?

डिझेलचा प्रकार असेल तर बंद पडल्या जागीच बघायला हवं. सेल्फ मारत बसू नका, बॅटरी जाईल आणि खूणही जाईल. आधी टाकीचं झाकण खोला. सूं करून हवा आत ओढली गेली, तर झाकणाचा श्वास बंद आहे: टाकीत व्हॅक्यूम होतो, डिझेल ओढलं जात नाही, गाडी उभी राहिली की फटीतून हवा शिरते आणि गाडी सुरू होते. मग हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप दाबा. लगेच कडक झाला तर तिथपर्यंत डिझेल आहे. पोकळ लागला तर लाइन हवा घेतेय, किंवा वर ओढताना जड जात असेल तर मागे काहीतरी अडकलंय. फिल्टरच्या आधी हातभर पारदर्शक नळी बसवून गाडी भरून चालवा. बुडबुडे दिसले तर बंजो बोल्टचे (डिझेलची नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर नवे घाला. जुने घासून परत बसवू नका, एवढी विनंती आहे.

पण टाकी? टाकी कोणी उतरवत नाही. 2012 साली आणि परत 2018 साली गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा साखळी-उसगावकडचे ट्रक दारात उभे राहिले. अर्ध्या टाक्या, दमट हवा, आत पाणी सुटून गंज. नंतर फिल्टर किती बदलले, टाकी किती जणांनी धुतली? वरून हरवलेल्या झाकणाच्या जागी प्लास्टिकची पिशवी आणि रबर, नाहीतर कोंबलेलं फडकं. पिशवी घट्ट बसली तर हवा बंद. फडक्यातून पावसाचं पाणी आत, आणि त्याचेच धागे कुजून डिझेलमध्ये तरंगतात. चढावर ओढ वाढली की गोळा होऊन सक्शन पाइपच्या जाळीला चिकटतात, इंजिन विझतं. ओढ थांबली की सुटून तळाला बसतात. गाडी सुरू! पुढच्या चढापर्यंत.

नोजलचं बिल लावण्याआधी टाकी उतरवा. जाळी काढून उजेडात धरा, आणि मालकाला तिथे बोलावून दाखवा.