ब्रेकच्या पॅडमध्ये कसली हो 'सेम क्वालिटी'?

"साहेब, ओरिजिनल कशाला? हे घ्या, सेम क्वालिटी!" स्पेअर पार्टच्या दुकानात हे वाक्य ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

गेल्या पावसाळ्याआधी घरीच गाडीच्या पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले. खोका कंपनीचा, वर चकचकीत होलोग्राम, पैसेही पूर्ण मोजलेले. चार महिन्यांत ब्रेक दाबला की खर्रर्र आवाज सुरू. चाक काढून बघतो तर एका पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासून गाडी थांबवणारा थर, कडेने पत्र्यापासून सुटलेला. बोटाने नुसता ढकलला तर तुकडाच हातात आला! खोका कंपनीचा, आत माल डुप्लिकेट. डिस्कवर नख अडकेल एवढे खोल चरे. म्हणजे पॅड गेले ते गेलेच, वर डिस्कचा खर्च गळ्यात. आणि दुकानदार म्हणतो, "एकदा बसवलेला माल परत नाही."

हाच तुकडा आंबेनळी घाट उतरताना, आई मागे बसलेली असताना सुटला असता तर? लांब उतारावर पॅड सारखे तापतात. हलका मसाला तापला की पकड सोडतो. पेडल पूर्ण दाबलेलं असतं आणि गाडी पुढेच जात राहते. सीट कव्हर डुप्लिकेट निघालं तर फार तर फाटेल. इथे जीव जातो हो!

आता पॅडच्या पाठीवरचा पार्ट नंबर आणि बॅच नंबर खोक्याशी जुळवल्याशिवाय मी पैसे देत नाही. पक्कं बिल मागितलं की लगेच, "जीएसटी लागेल बरं का." लागू दे ना! मला बिलच हवंय.