‘सीपी -आर’ने फोल्डर जसंच्या तसं येतं? नाही येत

लिनक्स नव्याने शिकणाऱ्यांत फाइली कॉपी करणाऱ्या ‘सीपी’ कमांडबद्दल एक सल्ला सारखा फिरत असतो: ‘बॅकअपला सीपी -आर पुरतं. सगळं जसंच्या तसं येतं. मध्येच तुटलं तर -यू लावून परत चालवा, राहिलेलं तेवढंच येईल. एरर नाही म्हणजे काम झालं. आरसिंक सर्व्हरवाल्यांसाठी.’ यातलं एकही वाक्य पूर्ण खरं नाही. (-आर म्हणजे फोल्डर आतल्या सगळ्यासकट. आरसिंक ही कॉपीचीच दुसरी कमांड. कमांड इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच रोमन अक्षरं.)

‘सगळं जसंच्या तसं येतं’

फाइलमधला मजकूर येतो. बदलाची तारीख मात्र आजची होते, मालक बदलून कॉपी करणारा होतो आणि परवानग्यांना यूमास्कची (नव्या फाइलींच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते ठरवणाऱ्या सेटिंगची) कात्री लागते. मूळ फाइल ६६४ची (मालक आणि ग्रुप दोघांना लिहिता येईल अशी) आणि यूमास्क ०२२ असेल, तर नक्कल ६४४ची (लिहिणं फक्त मालकाला) होते. ग्रुपमधला दुसरा कुणी त्या फाइलमध्ये लिहायला गेला की मग हे लक्षात येतं. हार्डलिंकही (एकाच फाइलची अनेक नावं) सुटतात: १ जीबीच्या एकाच फाइलला फोल्डरमध्ये तीन नावं असतील, तर पलीकडे ३ जीबी जागा जाते.

यावर उपाय -आर नव्हे, -ए. लिनक्सवरच्या जीएनयू सीपीमध्ये तो तारखा, परवानग्या, सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइली), हार्डलिंक सगळं सांभाळतो. दुसऱ्याच्या फाइलींची मालकी टिकवायची तर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) व्हावं लागतं. मॅकवरही -ए आहे, पण तिथे हार्डलिंक वेगवेगळ्या फाइली होऊनच उतरतात.

आणि ‘फोटो/*’ असं लिहून कॉपी केलीत, तर टिंबाने सुरू होणाऱ्या फाइली येतच नाहीत. दोष सीपीचा नाही. शेल (तुमची कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) * उलगडताना त्या वगळतो. ‘फोटो/.’ लिहा, सगळं येतं.

‘-यू लावून परत चालवा’

सल्ल्यातला सर्वांत घातक भाग हाच.

समजा ‘सीपी -आर फोटो बॅकअप’ चालवलं आणि बॅकअप नावाचं फोल्डर तेव्हा नव्हतं. ते तयार होतं आणि फोटोमधला माल थेट त्यात जातो. तीच कमांड दुसऱ्यांदा चालवली की बॅकअप आता आहे, म्हणून सीपी त्याच्या आत ‘फोटो’ असं नवं फोल्डर करतो आणि सगळं पहिल्यापासून तिथे भरतो. -यू असला तरी तेच, कारण त्या नव्या फोल्डरमध्ये तुलनेला काहीच नसतं. जीएनयू सीपीला कॅपिटल टी दिला तर हे टळतं.

ते टाळूनही खरी मेख उरतेच. -यू फक्त तारीख बघतो: पलीकडची फाइल जुनी असेल तरच तिच्यावर लिहायचं. २ जीबीचा व्हिडिओ ७०० एमबीवर असताना तुम्ही कंट्रोल-सी दाबलं, तर त्या अर्धवट फाइलची तारीख आत्ताची, म्हणजे मूळ फाइलपेक्षा नवी. पुढच्या वेळी -यू तिला ‘अद्ययावत’ समजून सोडून देतो. ७०० एमबीचा तुकडा पूर्ण नावानिशी बॅकअपमध्ये बसतो, तक्रार कुणाचीच नाही. -ए जोडूनही सुटका नाही, कारण मूळ तारीख फाइल पूर्ण उतरल्यावरच लावली जाते.

आरसिंक आधी लपलेल्या तात्पुरत्या नावाने लिहितो आणि पूर्ण झाल्यावरच खरं नाव देतो. शिवाय तारखेबरोबर आकारही ताडतो.

‘एरर नाही म्हणजे काम झालं’

कॉपी संपल्याबरोबर ‘इको $?’ चालवा, आधीच्या कमांडच्या निकालाचा आकडा दिसतो. ० आला तर सीपीच्या मते सगळं लिहून झालं. पण म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) डेटा ताब्यात घेतला, एवढंच. त्यातला बराचसा अजून रॅममध्ये असू शकतो. प्रॉम्प्ट परत आला म्हणून पेनड्राइव्ह उपटला की शेवटच्या फाइली मोडक्या निघतात. आधी ‘सिंक’ (रॅममधलं डिस्कवर उतरवणारी कमांड), मग अनमाउंट (ड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवणं), मग हात लावा.

पडताळणीतही हाच सापळा आहे. कॉपीनंतर लगेच ‘डिफ -आरक्यू’ (दोन फोल्डरांतल्या कोणत्या फाइली वेगळ्या ते सांगणारी कमांड) चालवलं तर नक्कल बहुधा रॅममधूनच वाचली जाते, पेनड्राइव्हवर काय उतरलं ते कळत नाही. अनमाउंट करून, परत माउंट करून मग तपासा. डिफ परवानग्या आणि तारखा बघत नाही. त्यासाठी आरसिंकला -ए बरोबर -एन, -सी, -आय द्या. -एनमुळे तो काहीही न बदलता नुसता फरक सांगतो.

उलटंही घडतं. फॅट३२ या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीत) मालकी ठेवायची सोयच नाही, त्यामुळे -ए लावल्यावर एररची रांग लागू शकते आणि मजकूर मात्र नीट असतो. पण त्याच रांगेत ४ जीबीच्या वरची एखादी न मावलेली फाइलही लपलेली असते, म्हणून ओळी वाचाव्याच लागतात.

‘बॅकअपला पुरतं’

त्याच डिस्कवर केलेली प्रत बॅकअप नव्हे, हे जुनंच. नवं असं की २०२१मध्ये आलेल्या कोअरयूटिल्स (जीएनयू सीपी ज्यात येतो तो कमांडसंच) ९.०पासून, बीटीआरएफएस किंवा रिफ्लिंक (ब्लॉक वाटून घ्यायची सोय) चालू असलेल्या एक्सएफएस या फाइल सिस्टिमवर सीपी शक्यतो डेटा लिहीतच नाही. दोन्ही फाइली डिस्कवरचे तेच ब्लॉक (डेटाचे तुकडे) वापरतात. १० जीबीची कॉपी क्षणात झाली तर कारण हेच. तो ब्लॉक खराब झाला की दोन्ही फाइली गेल्या.

‘आरसिंक सर्व्हरवाल्यांसाठी’

एकाच मशीनवर दोन डिस्कांमध्येही तो तितकाच चालतो. फक्त ‘बदललेले बाइटच पाठवतो’ ही त्याची ख्याती नेटवर्कवरची. लोकल कॉपीत बदललेली फाइल तो अख्खी लिहितो. त्याचा -ए सीपीच्या -एपेक्षा तोकडा आहे: हार्डलिंक, एसीएल (सविस्तर परवानग्यांची यादी) आणि (फाइलला चिकटवलेली जादा माहिती ठेवणाऱ्या) एक्स्टेंडेड अॅट्रिब्यूटसाठी कॅपिटल एच, ए, एक्स वेगळे द्यावे लागतात. ‘फोटो/’ म्हणजे आतला माल, ‘फोटो’ म्हणजे फोल्डरसकट. --डिलीट (मुळात नसलेलं पलीकडूनही पुसणारा पर्याय) वापरताना ही तिरकी रेघ चुकली तर पलीकडचं भलतंच पुसलं जातं, म्हणून आधी -एन.

आतापर्यंत सीपी -आर वापरलं असेल, तर आरसिंक पहिल्या फेरीत जवळपास सगळंच पुन्हा उतरवेल, कारण नकलांच्या तारखा मूळ फाइलींशी जुळत नाहीत. फॅटच्या डिस्कवर तारखा दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानेच नोंदल्या जातात, म्हणून तिथे --मॉडिफाय-विंडो=१ जोडा; नाहीतर न बदललेल्या फाइलीही दर वेळी नव्याने चढत राहतील.