मासा आपला जबडा निवडत नाही

'ई.व्ही.ओ.: सर्च फॉर ईडन खेळायला द्या, मुलांना डार्विन आपोआप कळेल', हे विधान जुन्या गेमांच्या चाहत्यांमध्ये सारखं फिरत असतं. अल्मॅनिक कंपनीने बनवलेला आणि एनिक्स कंपनीने १९९२ मध्ये जपानात सुपर फॅमिकॉम या गेम-यंत्रावर आणलेला हा व्हिडिओ गेम सुंदरच आहे. पण त्यातून डार्विन कळत नाही, उलट डोक्यात चुकीचं चित्र पक्कं बसतं.

'गरजेप्रमाणे अवयव बदलणं म्हणजेच उत्क्रांती.' मुख्य घोटाळा इथेच आहे. आपण मासा असतो. समोरच्याला चावून मारायचं, त्याचं मांस खाऊन गुण (पॉइंट्स) साठवायचे आणि मेन्यूतून जबडा, शिंग, शेपूट, अंगाचा आकार विकत घ्यायचा. अवयव बदलताच जीवनपट्टी, म्हणजे किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी, पूर्ण भरते. म्हणून मुरलेले खेळाडू बॉसशी, म्हणजे टप्प्यातल्या बलाढ्य शत्रूशी, भिडताना गुण राखून ठेवतात आणि पट्टी संपत आली की एखादा स्वस्त अवयव घेतात. डाव म्हणून हे झकास आहे. निसर्गात मात्र कुठलाही मासा हयातीत नवा जबडा निवडत नाही. पिल्लं थोड्याफार वेगळ्या जबड्यांची जन्मतात, त्यांतली काही जास्त जगतात, जास्त वितात आणि पिढ्यांमागून पिढ्या त्या जबड्याचं प्रमाण वाढतं. गेममध्ये पिल्लंच नाहीत, मग प्रमाण बदलणार कशाचं?

'मेलं की नुकसान होतं, म्हणजे डार्विनची नैसर्गिक निवड आलीच.' नाही. मेल्यावर निम्मे गुण जातात आणि तोच प्राणी पुन्हा उभा राहतो. खरी निवड घडते ती वीण होण्याआधी मेलेल्यांचे गुणधर्म पुढच्या पिढीत कमी उतरल्यामुळे.

'मासा, उभयचर, डायनासोर, सस्तन, माणूस हा क्रम तरी बरोबर आहे.' ही शिडी झाली, वंशवृक्ष नव्हे. सस्तनांची शाखा डायनासोर येण्याच्या कितीतरी आधी, ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी फुटली. डायनासोर आपले पूर्वज नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यातून पक्षी होण्याची वाट मात्र गेमने योग्य दाखवली आहे.

निवड हाताने करून बघायची तर फुलाफुलांची चादर अंथरा. चार रंगांच्या कागदांतून पंचिंग मशीनने प्रत्येकी २५ टिकल्या पाडा आणि १०० टिकल्या चादरीवर विखरा. मुलं म्हणजे शिकारी; त्यांनी पटापट, दिसेल ती उचलत ७५ टिकल्या काढायच्या. उरलेल्या २५ पैकी प्रत्येकीमागे तिची पिल्लं म्हणून त्याच रंगाच्या तीन टिकल्या टाका, की पुन्हा १०० झाल्या. दर फेरीला रंगांची मोजणी लिहून ठेवा. तीन-चार फेऱ्यांत चादरीत मिसळणारा रंग वरचढ होतो, आणि एकाही टिकलीने आपला रंग बदललेला नसतो. प्रयोग फसतो तो बहुधा चादर एकरंगी असल्याने किंवा मुलं निवांत शोधत बसल्याने. प्रत्येक उचलीनंतर मान वर करायला लावा.