ब्रेसदँचा ‘चांगला शोमरोनी’ कोरलेला नाही

गर्द रान, मधोमध उंट आणि जखमी माणसाला सावरणारा वाटसरू असं एक काळंपांढरं चित्र सध्या फिरतंय. खाली मजकूर: ‘फ्रेंच कलावंताने १८६१ साली दगडावर सुईने एकेक रेघ कोरली, ॲसिडने खोल केली, खाचांत शाई भरली. जगात पाचच प्रती. विषय बायबलचा नाहीच, अब्द अल-कादिरचा आहे.’ भाचीच्या कॉलेजच्या प्रकल्पात हे जसंच्या तसं उतरलं, म्हणून लिहावं लागतंय.

चित्र रोदॉल्फ ब्रेसदँचं, ‘चांगला शोमरोनी’ नावाचं. साल बरोबर आहे.

खाचांचं म्हणणं मात्र कहर आहे. हा शिळाछाप (लिथोग्राफ) आहे. आपल्या जुन्या पोथ्या शिळाप्रेसवर निघायच्या, तीच रीत, आणि तिच्यात दगड सपाटच राहतो. टाकाच्या, म्हणजे शाईत बुडवायच्या लेखणीच्या कामासाठी चुनखडीचा दगड घोटून गुळगुळीत करतात. खडूने काढायचं असेल तरच वाळूने खरखरीत. मेण, चरबी, साबण, लाख आणि काजळीची शाई पाण्यात घोटायची आणि तिने चित्र आरशातल्यासारखं उलटं काढायचं. मग डिंकाच्या पाण्यात नायट्रिक ॲसिडचे थोडे थेंब घालून ते दगडावर फिरवायचं. त्याने रेघ खोदली जात नाही. रेघेतली चरबी दगडात पक्की बसते, कोरा भाग पाणी धरू लागतो. ओल्या दगडावर रूळ फिरवला की तेलकट शाई रेघांनाच चिकटते.

शाई पातळ झाली तर बारीक रेघ ॲसिडपुढे तुटते. दाट झाली तर टाकातून उतरत नाही. बोट टेकलं तर त्याचा ठसाही छापून येतो. छापताना दगड सुकला तर कोरी जागा काळवंडते. सुमारे ५६ बाय ४४ सेंटिमीटरचं ते रान ब्रेसदँने हे सगळं सांभाळत पानन् पान टाकाने काढलंय!

तांब्यावर कोरलेल्या चित्राच्या छापात शाई कागदावर किंचित उठलेली असते आणि भोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो. शिळाछापात शाई सपाट बसते. आणि फ्रेंच लेखक हुइसमान्सने १८८४च्या कादंबरीत याच चित्राला दगडावरून छापलेलं टाकाचं चित्र म्हटलंय. आणखी काय पुरावा हवा? दगडावर सुईने खरवडून पांढरी रेघ काढता येते, एवढं मान्य.

अब्द अल-कादिर हा फ्रेंचांशी लढलेला अल्जेरियाचा अमीर; त्याचं अर्धं खरं आहे. १८६०मध्ये त्याने दमास्कसच्या दंगलीत ख्रिश्चनांना वाचवलं होतं, आणि १८६१च्या पॅरिसच्या ‘सालों’ या कलाप्रदर्शनात चित्र त्याच्याच नावाने मांडलं गेलं. पण जखमी वाटसरूला उचलणारा परका शोमरोनी ही बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातली, दहाव्या अध्यायातलीच गोष्ट.

राहिल्या पाच प्रती. दगड शाबूत असेल तर शेकडो निघतात, आणि या चित्राच्या एकाहून जास्त आवृत्त्या निघाल्या.